मॅम टॉर आणि कॅसलटन परिसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मँचेस्टर, शेफील्ड, लीड्स, बर्मिंगहॅम या पट्ट्यात राहणारी मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी जिथे हमखास जातात, त्या डोंगरांत मॅम टॉर बराच वर आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांना इंग्लंडचा ग्रामीण भाग दाखवायचा असला, तरी हेच नाव पुढे येतं. बहुतेकजण गाडी लावतात, पायऱ्या चढतात, फोटो काढतात आणि तासाभरात परततात. शिखरावरचं दृश्य सुंदर आहे, यात वाद नाही. पण माझ्या मते या डोंगराची खरी गोष्ट पूर्वेच्या कोसळत्या अंगाला आणि खालच्या तुटलेल्या रस्त्यावर आहे. तिथे न जाता परतलात, तर मॅम टॉर अर्धाच पाहिलात. खालची उत्तरं वाचताना माझा हा कल लक्षात ठेवा.

मॅम टॉर नेमका कुठे आहे आणि किती उंच आहे?

इंग्लंडच्या मध्यभागी, डार्बीशर परगण्यात, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात. उंची ५१७ मीटर. दक्षिण-पूर्वेला कॅसलटन गाव आणि होप खोरं, उत्तरेला ईडेलचं खोरं. या दोन खोऱ्यांमधून एक लांब धार जाते, तिच्या पश्चिम टोकाला मॅम टॉर आणि पूर्व टोकाला ४७६ मीटरचा लूझ हिल. डोंगर नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचा आहे.

एवढासा डोंगर! सह्याद्री चढलेल्या माणसाला यात काय मिळणार?

चढाईची खुमखुमी असेल तर फारसं काही नाही. कळसूबाई १६४६ मीटर आहे, तिच्यापुढे मॅम टॉरची उंची एक तृतीयांशही नाही. इथे रॉक पॅच नाही, शिडी नाही, दमछाक करणारी सोंड नाही. पण धारेवरून चालणं हा ज्यांना चढाईपेक्षा प्रिय प्रकार आहे, त्यांना इथे पोटभर मिळतं. दोन्ही बाजूंना खोरी उघडी पडलेली, दगडी कुंपणांनी आखलेली हिरवी शेतं, मेंढ्या, आणि उत्तरेला किंडर स्काउटचं काळपट पठार.

दगडात रस असेल तर आणखी मौज. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कॅसलटनच्या दक्षिणेचा पांढरा चुनखडक त्याच्या जवळजवळ पाचपट जुना आहे. हा भूभाग विषुववृत्ताजवळ होता आणि इथे उबदार, उथळ समुद्र होता, तेव्हाचा. त्या समुद्रातल्या जीवांचे अवशेष आजही खडकात दिसतात. नंतर मोठ्या नद्यांनी त्यावर गाळ आणि वाळू आणून टाकली, त्यांचे शेल (गाळाचा पापुद्र्यांचा मऊ खडक) आणि वालुकाश्म झाले. मॅम टॉर बरोबर या दोन जगांच्या सीमेवर उभा आहे. दक्षिणेकडे चुनखडकाचा फिकट प्रदेश, त्याला व्हाइट पीक म्हणतात. उत्तरेकडे पीटने, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या थराने, झाकलेला काळसर प्रदेश, तो डार्क पीक. एका जागी उभं राहून मान वळवली की दोन्ही दिसतात.

गाडीशिवाय जाता येतं का?

येतं, आणि तसंच जावं. मँचेस्टर आणि शेफील्ड यांना जोडणारी होप व्हॅली रेल्वे थेट या खोऱ्यांतून जाते. ईडेल स्टेशनवर उतरा. मँचेस्टरहून साधारण पाऊण तास, शेफील्डहून अर्धा तास. स्टेशनवरून चालत धारेवर चढायला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. कॅसलटनच्या बाजूने चढायचं असेल तर होप स्टेशनवर उतरा, तिथून गाव सुमारे तीन किलोमीटर. शेफील्डहून कॅसलटनला बसही येते. लंडनकरांनी सेंट पँक्रसहून शेफील्ड गाठावं आणि तिथे गाडी बदलावी. पहाटे निघालात तर एका दिवसात होतं, पण मुक्काम केला तर जास्त बरं.

थांबणाऱ्या गाड्या मोजक्या असतात. परतीची वेळ आधी पाहून ठेवा.

गाडी घेऊन गेलो तर पार्किंग मिळेल?

शिखराच्या सर्वांत जवळचं पार्किंग म्हणजे नॅशनल ट्रस्टचं मॅम निक. पैसे भरावे लागतात, सदस्यांना मोफत. शनिवार-रविवारी सकाळीच भरतं. भरलं असेल तर कॅसलटनमध्ये गाडी लावून चालत चढा. रस्त्याच्या कडेला, गवतावर, शेताच्या फाटकासमोर गाडी लावू नका. हे मी कळकळीने सांगतो आहे. बर्फ पडलेल्या किंवा धुक्याच्या सकाळी इथे फोटोसाठी एवढी गर्दी होते की रस्ता अडतो आणि रुग्णवाहिका व बससुद्धा अडकते. शेतकऱ्याला त्याच फाटकातून ट्रॅक्टर न्यायचा असतो. आपल्या गावाकडच्या शेताच्या वाटेवर कुणी परक्याने गाडी उभी केली तर आपल्याला कसं वाटेल, तेवढा विचार पुरे.

चढायला किती वेळ लागतो? आईबाबांना गुडघ्यांचा त्रास आहे, जमेल का?

मॅम निकपासून शिखरापर्यंत चढ शंभरेक मीटरचा. सवय असेल तर वीस-पंचवीस मिनिटं, सावकाश गेलात तर पाऊण तास. वाट पूर्वी इतक्या पायांनी झिजली होती की डोंगराला अक्षरशः चर पडले होते, म्हणून नॅशनल ट्रस्टने फरशा आणि पायऱ्या बसवल्या. चढताना गुडघ्यांना फार त्रास होत नाही, उतरताना होतो. आईबाबांसाठी चालण्याची काठी घ्या आणि आल्या वाटेनेच उतरा. साडी नेसून चढलेल्या आजी मी पाहिल्या आहेत, प्रश्न साडीचा नाही, पादत्राणांचा आहे. चपला आणि गुळगुळीत तळव्याचे बूट ओल्या फरशीवर घसरतात.

ज्यांना चढणं शक्यच नाही, त्यांना कॅसलटन गावात बसवा. गावातून वाहणारा ओढा, जुनं चर्च, चहाची दुकानं आणि डोंगराचं थेट दर्शन, त्यांचा वेळ छान जाईल. बाबागाडी पायऱ्यांमुळे चालत नाही, बाळाला पाठीवर घ्या.

पूर्वेचा कडा असा फाटल्यासारखा का दिसतो?

कारण तो खरोखरच कोसळलेला आहे, आणि अजून सरकतो आहे. सुमारे ४००० वर्षांपूर्वी डोंगराची ही बाजू घसरली. वर वालुकाश्म आणि शेलचे एकाआड एक थर, आणि त्यांच्या खाली मऊ, ठिसूळ शेलचा जाड थर अशी इथली रचना आहे. पाणी वरच्या थरांतून झिरपतं, खालचा शेल भिजून भुसभुशीत होतो आणि वरचा भार पेलेनासा होतो. शेलमध्ये लोहाचं सल्फाइड आहे. हवापाण्याशी संपर्क आला की त्यातून आम्ल तयार होतं आणि खडक आणखी कमजोर होतो. कड्यावरून सतत चुरा आणि तुकडे गळत राहतात, म्हणून लोकांनी याला थरथरता डोंगर असं नाव दिलं. सतराव्या शतकात तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने पीक प्रदेशातल्या सात आश्चर्यांवर लॅटिनमध्ये कविता केली, त्या सातांत हा डोंगर आहे.

आपल्याकडे दरड म्हटलं की माळीण, तळिये, इरशाळवाडी ही नावं आठवतात आणि मन धास्तावतं. ही दरड त्या जातीची नाही. डोंगराच्या पायथ्याशी पसरलेला हा सुमारे एक किलोमीटर लांबीचा ढिगारा हळूहळू सरकतो, काही ठिकाणी वर्षाला पाव मीटरपर्यंत, आणि फार ओल्या हिवाळ्यात त्याहून वेगाने. उभ्या माणसाला ते जाणवत नाही. रस्त्याला मात्र जाणवलं.

तुटलेल्या रस्त्याची गोष्ट काय आहे?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कॅसलटनहून पश्चिमेला जायची वाट विनॅट्स खिंडीतून होती, आणि ती चढण घोडागाड्यांचा जीव काढायची. म्हणून मॅम टॉरच्या अंगावरून सौम्य चढाचा, वळण घेत जाणारा नवा घाटरस्ता बांधला गेला. चढ कमी झाला, पण त्या वळणामुळे रस्ता सरकत्या ढिगाऱ्यावरून दोनदा जाऊ लागला.

पुढची दीडशे वर्षं म्हणजे दुरुस्त्यांचा इतिहास आहे. रस्ता खचायचा, वर भर टाकायची, डांबर ओतायचं, काही वर्षांनी पुन्हा खचायचा. १९७४ मध्ये मोठा भाग गेला. १९७७ मध्ये वाहतूक एका मार्गिकेपुरती उरली. १९७९ मध्ये अभियंत्यांनी हात टेकले आणि रस्ता कायमचा बंद झाला. वाहतूक पुन्हा त्याच जुन्या विनॅट्स खिंडीत गेली. आजही तिथला पाच मीटरला एक मीटर असा चढ हलक्या गाड्यांना दम देतो आणि जड वाहनांना तिथे मज्जाव आहे.

हा रस्ता आज पायी पाहता येतो. कॅसलटनहून पश्चिमेला जुन्या रस्त्याने चालत राहा, फाटक ओलांडलं की डांबर लाटांसारखं उंचसखल होतं, मधला पांढरा पट्टा एका जागी तुटून माणसाच्या उंचीइतका खाली पुढे सुरू होतो. तुटलेल्या कडेजवळ वाकून पाहा. डांबराचे थरावर थर दिसतात, प्रत्येक थर म्हणजे एका पिढीच्या अभियंत्यांचा प्रयत्न. भूशास्त्राचे विद्यार्थी इथे वह्या घेऊन येतात. मुलांना डोंगर म्हणजे स्थिर वस्तू नव्हे हे दाखवायला इंग्लंडात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

त्या कड्यावर किंवा ढिगाऱ्यावर चढता येतं का?

कड्यावर अजिबात नाही. तो सगळा घसारा आहे, धरलेला दगड हातात येतो. तुटलेल्या रस्त्यावरून चालायला हरकत नाही, पण फटींच्या कडेला लहान मुलांचा हात सोडू नका.

शिखराभोवती चर आणि बांध दिसतात, ते कशाचे?

किल्ल्याचे. चिरेबंदी तट, बुरूज, दरवाजे असं काही शोधू नका. हा मातीचा तट आणि बाहेरून खोदलेला खंदक आहे, आणि त्याने डोंगरमाथ्याचा साधारण सोळा एकरांचा भाग वेढलेला आहे. आत शंभराहून जास्त सपाट केलेल्या जागा आहेत, त्यांवर गोल झोपड्या होत्या. १९६०च्या दशकात मँचेस्टर विद्यापीठाने इथे उत्खनन केलं. तिथल्या कोळशाचं वय इ.स.पू. १२००च्या आसपास निघालं, म्हणजे वस्ती कांस्ययुगाच्या उत्तरार्धापर्यंत मागे जाते. तटबंदी कदाचित नंतरची असेल. एवढ्या वाऱ्यात वर्षभर माणसं राहत होती की फक्त उन्हाळ्यात गुरं घेऊन येत होती, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन असेल तेव्हाच हे बांध नीट उठून दिसतात. दुपारी ते गवतात हरवतात. त्यांच्यावरून चालू नका, वाटेवरच राहा.

धारेवरून पुढे कसं जायचं?

शिखरावरून पूर्वेला उतरा. पहिली खिंड हॉलिन्स क्रॉस. इथून डावीकडे ईडेल, उजवीकडे कॅसलटन. ईडेलमध्ये सतराव्या शतकात स्वतःचं प्रार्थनास्थळ होईपर्यंत तिथले लोक आपले मृतदेह खांद्यावर घेऊन ही खिंड ओलांडत आणि कॅसलटनच्या चर्चमध्ये दफन करत. हिवाळ्यात, बर्फात, शवपेटी घेऊन ही चढण. वाट तीच आहे.

पुढे बॅक टॉरचा छोटा कडा आणि मग लूझ हिल. वेळ कमी असेल तर हॉलिन्स क्रॉसवरून उजवीकडे उतरून तुटलेल्या रस्त्यावरून मॅम निकला परत या, हा फेरा साधारण पाच किलोमीटरचा. माझी शिफारस याच फेऱ्याची. शिखर, धार, दरड आणि रस्ता, सगळं यात येतं.

लूझ हिलवर वॉर्ड नावाचा उल्लेख आढळतो, ते कोण?

जी. एच. बी. वॉर्ड. शेफील्डचे कामगार चळवळीतले गृहस्थ. १९०० मध्ये त्यांनी कामगारांसाठी पायी भटकणाऱ्यांचा एक क्लब सुरू केला. त्या काळी पीक प्रदेशातली बरीचशी पठारं जमीनदारांनी ग्राउस या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेली होती आणि कारखान्यात आठवडाभर राबणाऱ्या माणसाला रविवारी तिथे पाय ठेवता येत नसे. १९४५ मध्ये लूझ हिलच्या माथ्यावरची जमीन भटक्यांच्या संघटनेने वॉर्ड यांना भेट दिली. त्यांनी ती स्वतःकडे न ठेवता नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली.

याच लढ्याचा मोठा प्रसंग मॅम टॉरवरून समोर दिसणाऱ्या किंडर स्काउटवर घडला. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड गावातून शेकडो तरुण ठरवून, उघडपणे, बंदी मोडून पठारावर चढले. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी बेनी रॉथमन हा मँचेस्टरचा विशीतला मुलगा. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. शिक्षा इतक्या कडक होत्या की लोकमत त्या मुलांच्या बाजूने वळलं. महाराष्ट्रात दोनच वर्षांपूर्वी जंगल सत्याग्रह झाले होते. दोन्हीकडचे प्रश्न वेगळे होते, इथे करमणुकीचा आणि मोकळ्या हवेचा, तिथे पोटाचा आणि स्वराज्याचा, पण डोंगर कुणाचा हे विचारण्याचं धाडस दोन्हीकडे होतं.

१७ एप्रिल १९५१ रोजी पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. १९६५ मध्ये ईडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी चारशेहून अधिक किलोमीटरची पेनाइन वे ही पायवाट खुली झाली. २००० साली झालेल्या कायद्याने माळरानांवर मोकळेपणी चालण्याचा हक्क मिळाला. आज आपण इथे परवानगी न मागता चढतो, त्यामागे ही माणसं आहेत.

कॅसलटनमधल्या गुहांपैकी कोणती पाहावी?

चार आहेत. वेळ एकीचाच असेल तर पीक कॅव्हर्न. तिचं तोंड प्रचंड आहे, आणि त्या तोंडाच्या आत शेकडो वर्षं दोर वळणारे कारागीर काम करत, काही जण तिथेच घरं करून राहत. त्यांच्या चुलींच्या धुराची काजळी छतावर दिसते. स्पीडवेल ही मुळात शिशाची खाण, तिच्यात खोदलेल्या कालव्यातून नाव जाते. ट्रीक क्लिफ आणि ब्लू जॉन या दोन गुहांत ब्लू जॉन नावाचा जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा फ्लोराइट मिळतो. गावातल्या दुकानांत त्याचे दागिने असतात. महाग असतात, कारण वर्षाला फारच थोडा दगड काढला जातो.

गुहा बंद असण्याचे दिवस बदलतात, आधी चौकशी करा. आत वर्षभर गारवा असतो.

गावाच्या वर दिसणारा पडका बुरूज?

पेव्हरिल कॅसल. १०६६ मध्ये फ्रान्सहून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर विल्यम पेव्हरेल याने वसवलेला, त्यातला चौकोनी बुरूज दुसऱ्या हेन्री राजाने ११७६च्या सुमारास बांधला. चढ तीव्र पण छोटा. इथून मॅम टॉरचा फाटलेला कडा पूर्ण दिसतो.

दरीत ती मोठी चिमणी कसली आहे?

होप सिमेंट कारखान्याची, १९२९ पासूनची. राष्ट्रीय उद्यानात कारखाना कसा, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. कारखाना उद्यानाच्या आधीचा आहे. सिमेंटला चुनखडक आणि शेल दोन्ही लागतात, आणि दोन्ही शेजारीशेजारी मिळतात ती जागा हीच. अनेकांना ती चिमणी खुपते. मला ती या खोऱ्याच्या खऱ्या इतिहासाचा भाग वाटते. इथे शेकडो वर्षं लोकांनी डोंगर पोखरून पोट भरलं आहे.

कोणत्या ऋतूत जावं? पावसात गेलं तर चालेल?

मे-जून सर्वांत सुखाचे, दिवस लांब असतात. २९ मे रोजी कॅसलटनमध्ये गार्लंडचा उत्सव असतो, त्यात फुलांचा भलामोठा घुमट अंगावर घेतलेला राजा घोड्यावरून गावात फिरतो. ऑगस्टच्या शेवटी समोरच्या पठारांवर हेदर हे जांभळ्या फुलांचं झुडूप फुलतं. शरद आणि हिवाळ्याच्या काही सकाळी होप खोरं धुक्याने भरतं आणि शिखर वर राहतं.

पावसाबद्दल मात्र नीट ऐका. आपल्याला जून-जुलैत चिंब भिजत ट्रेक करायची सवय असते, कारण सह्याद्रीतला पाऊस उबदार असतो. इथे भिजलेलं अंग आणि धारेवरचा वारा मिळून शरीराचं तापमान धोकादायकरीत्या खाली आणतात, उन्हाळ्यातसुद्धा. जीन्स आणि सुती कपडे टाळा. पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट, एक जादा लोकरी थर, टोपी आणि हातमोजे पाठीवरच्या पिशवीत असू द्या, खाली ऊन असलं तरी. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं, विजेरी घ्या.

डबा खाता येतो का? चूल किंवा बार्बेक्यू?

डबा जरूर न्या. पोळीभाजी, दशम्या, काहीही. वर पाण्याची किंवा स्वच्छतागृहाची सोय नाही, ते खाली गावात आटोपून निघा. विस्तव मात्र कोणत्याही स्वरूपात नको. कोरड्या दिवसांत पीटची जमीन पेटली तर आग जमिनीखाली अनेक दिवस धुमसत राहते. संत्र्याची सालंसुद्धा परत आणा. मेंढ्यांना काही खायला घालू नका, वसंतात पिल्लं असतात तेव्हा कुत्रा दोरीवरच ठेवा. उघडलेलं फाटक बंद करा.

ड्रोनला नॅशनल ट्रस्टच्या जमिनीवर परवानगीशिवाय मनाई आहे.

वाट चुकलो किंवा कुणी जखमी झालं तर?

९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. येणारी माणसं स्वयंसेवक असतात, स्वतःची कामं सोडून येतात आणि पैसे घेत नाहीत. खोऱ्यात मोबाइलला रेंज नसते अशा जागा आहेत, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि कागदीही ठेवा. शिट्टी जवळ असेल तर मिनिटाला सहा वेळा वाजवा, एक मिनिट थांबा, पुन्हा वाजवा.

दुसरा दिवस हाताशी असेल तर?

ईडेलहून किंडर स्काउटचं पठार, पण धुकं असेल तर नवख्यांनी जाऊ नये, वर खुणा सापडत नाहीत. ज्यांचे पाय दुखत असतील त्यांनी लेडीबोअर जलाशयाकाठी फिरावं. धरणाखाली डरवेंट आणि ॲशप्टन ही दोन गावं गेली. फार कोरड्या वर्षी पाणी उतरतं तेव्हा डरवेंट गावाचे दगड उघडे पडतात. तेव्हा चिखलात उतरू नका, माणसं रुतून बसल्याच्या घटना घडल्या आहेत. काठावरून पाहा.